ऑफिससाठी खास बनवलेलं सॉफ्टवेअर शिकायचंय? एका एंट्रीच्या मागे लागा

नवं सॉफ्टवेअर आलं की पहिल्या दिवशी मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टर लागतो. व्हेंडरकडून आलेला मुलगा दीड तासात चाळीसेक स्क्रीन भराभर फिरवून दाखवतो, शेवटी "काही शंका?" म्हणून विचारतो, आणि कुणालाच शंका नसते. शंका यायला आधी थोडं तरी कळावं लागतं ना! दुसऱ्या दिवशी आपल्या लॉगिनने आत शिरावं तर डावीकडे मेन्यूची ही लांबलचक रांग, आणि काल पाहिलेल्यातलं एकही पान ओळख दाखवत नाही.

मी डिस्पॅचमध्ये काम करते. माल बाहेर पाठवायचा, त्याच्या नोंदी ठेवायच्या आणि महिनाअखेरीला साहेबांपुढे आकडे मांडायचे. गेल्या ११ वर्षांत आमच्याकडे ३ सॉफ्टवेअरं आली, तिन्ही खास आमच्यासाठी बनवून घेतलेली. एक्सेलमध्ये अडलं तर इंटरनेटवर उत्तर द्यायला हजार जण तयार असतात. अशा बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरला मात्र पुस्तक नसतं, व्हिडिओ नसतात, आणि जे मॅन्युअल मिळतं त्यातली चित्रं हमखास मागच्या आवृत्तीची असतात. ज्यांनी ते लिहिलं ती मंडळी केव्हाच दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेली असतात. त्यामुळे पडत-धडपडत माझी स्वतःची एक पद्धत बसली आहे, तीच इथे सांगते.

मेन्यू पाठ करत बसू नका. एक एंट्री धरा आणि ती जिथे जिथे जाते तिथे तिथे तिच्या मागे जा. बस्स.

एंट्री निवडताना मात्र चोखंदळ राहा. सॉफ्टवेअर नसतं तरी जिची सगळी हकीकत तुम्हाला तोंडपाठ आहे अशीच घ्या, आणि थोडी वाकडी घ्या. सरळसोट ऑर्डर काहीच शिकवत नाही. मी घेतलेली ऑर्डर अशी होती: १२० नग, ऑर्डर आली महिन्याच्या २६ तारखेला. माल दोन खेपांत गेला. ३० तारखेला ८० नग आणि पुढच्या महिन्याच्या २ तारखेला उरलेले ४०. पहिल्या खेपेतले ५ नग खराब निघाले, ते ९ तारखेला परत आले.

आता कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कागद घ्या आणि कुठल्या रिपोर्टमध्ये किती दिसायला हवं याचा अंदाज लिहून काढा. ही पायरी सगळेच टाळतात आणि सगळं शिक्षण नेमकं इथेच आहे. आधी लिहिलं नसेल तर स्क्रीनवर जो आकडा दिसेल तोच आपल्याला बरोबर वाटायला लागतो. मी लिहिलं होतं: ऑर्डर रिपोर्टमध्ये १२०. डिस्पॅच रिपोर्टमध्ये मागच्या महिन्यात ८०, या महिन्यात ४०. परतीच्या रिपोर्टमध्ये ५. आणि डॅशबोर्डवर, म्हणजे सगळे मुख्य आकडे एकत्र दाखवणाऱ्या पानावर, परत आलेला माल वजा जाता मागच्या महिन्यात ८०, या महिन्यात ३५.

पहिले तीन जुळले. डॅशबोर्डवर होतं ७५ आणि ४०.

एकूण बेरीज दोन्हीकडे ११५च येते, त्यामुळे वार्षिक आकडा पाहणाऱ्याला कधीच काही खटकलं नसतं. पण त्या ५ नगांनी माझा अर्धा दिवस खाल्ला. शेवटी लक्षात आलं की सॉफ्टवेअर परतीचा माल परत आला त्या तारखेला वजा करत नाही, तो मूळ चलनाच्या, म्हणजे माल पाठवताना बनवलेल्या कागदाच्या, तारखेला वजा करतं. याला चूक म्हणता येणार नाही. कुठल्या तरी मीटिंगमध्ये कुणीतरी घेतलेला तो निर्णय होता. पण त्याचा अर्थ असा, की बंद झालेल्या महिन्याचा आकडा नंतरही हलत राहतो. "मागच्या मीटिंगला तुम्ही वेगळा आकडा सांगितला होतात" हे वाक्य आमच्या विभागाने सहा महिने ऐकून घेतलं होतं, आणि आम्ही एकमेकांवर संशय घेत होतो. मेख या एका नियमात होती.

म्हणून माझ्या वहीतलं पहिलं पान तारखांचं असतं. एका व्यवहाराला कितीतरी तारखा चिकटलेल्या असतात: ऑर्डरची तारीख, चलनाची तारीख, प्रत्यक्ष माल गेला ती तारीख, आणि कुणीतरी ती एंट्री सिस्टीममध्ये टाकली ती तारीख. ३० तारखेला गेलेल्या मालाची एंट्री २ तारखेला झाली तर तो कुठल्या महिन्यात धरायचा? प्रत्येक रिपोर्टच्या नावापुढे तो कुठली तारीख धरतो एवढंच लिहून ठेवा. दोन रिपोर्टचे आकडे जुळत नाहीत अशी तक्रार आली की मी आधी हे पान उघडते, आणि बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळतं.

मागे जाताना आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे मास्टर आणि व्यवहार यांतला फरक. ग्राहक, वस्तू, गोदाम, वाहतूकदार यांच्या याद्या म्हणजे मास्टर. त्या क्वचित बदलतात. रोज भरतो ते व्यवहार, आणि व्यवहारात आपण ग्राहकाचं नाव लिहीत नसतो, मास्टरमधल्या त्या ग्राहकाकडे फक्त बोट दाखवत असतो. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने १९७० साली टेबलांची ही मांडणी सुचवली आणि आजही बहुतेक व्यावसायिक सॉफ्टवेअर आतून याच पायावर उभं असतं. आपल्याला त्यातलं एवढंच पुरे: नाव माणसांसाठी, कोड मशीनसाठी. ताळा करायचा तो नेहमी कोडवर करा, नावावर कधीच नाही.

कारण नावं फसवतात. एकच ग्राहक मास्टरमध्ये तीनदा असतो: एकदा "आणि" लिहून, एकदा "अँड" लिहून, एकदा नावाच्या शेवटी एक रिकामी जागा सोडून. ती रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही, पण सॉफ्टवेअरला तो वेगळाच ग्राहक वाटतो. देवनागरीत तर आणखी गंमत. "ऱ्या" हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकदा ऱ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साध्या र खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देऊन. दिसायला दोन्ही सारखेच. जी सॉफ्टवेअरं हा फरक आतून मिटवत नाहीत, त्यांत एका तऱ्हेने शोधलं की दुसरं सापडत नाही. आडनाव समोर दिसतंय आणि शोधलं तर "नोंद आढळली नाही" येतंय, असं झालं तर स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेऊ नका.

खोटा डेटा कुठे भरायचा

चालू सिस्टीममध्ये सराव करू नका. हे मोठ्याने सांगावं लागतं, कारण "बघू तरी काय होतं" म्हणून टाकलेली एंट्री खरीच असते. तिचा नंबर जातो, साठा कमी होतो, कुठेतरी कुणाला मेसेजही जातो. आणि अशा सॉफ्टवेअरमध्ये बहुधा डिलीट नसतं, रद्द असतं. रद्द केलेली एंट्री तुमच्या नावासकट आणि वेळेसकट कायम आत राहते. ते योग्यच आहे म्हणा.

आयटीवाल्यांकडे टेस्टची प्रत मागा. बहुतेक ठिकाणी ती असते, फक्त कुणी सांगत नाही. मिळाली की तिथे मुद्दाम वाह्यातपणा करा. नगाच्या रकान्यात अक्षरं टाका, उणे संख्या टाका, पुढच्या वर्षीची तारीख टाका, सेव्हचं बटण पटकन दोनदा दाबा, अर्धी एंट्री सोडून बॅक करा. कुठे अडवतं आणि कुठे गुपचूप घेतं याची नोंद ठेवा. जिथे अडवत नाही तिथे उद्या कुणीतरी चूक करणारच आहे. आमच्याकडे दोनदा सेव्ह दाबलं की दोन चलनं बनत, हे मला टेस्टमध्ये कळलं म्हणून बरं झालं. एक विनंती मात्र पहिल्याच दिवशी करा: टेस्टच्या स्क्रीनची वरची पट्टी वेगळ्या रंगाची करून द्या म्हणावं. दोन्ही खिडक्या शेजारी उघड्या असताना आपण कुठे टाइप करतोय हे दुपारी चारनंतर कुणालाच कळत नाही.

एक्सपोर्ट: खरा घोटाळा इथे

सॉफ्टवेअरच्या आत असेपर्यंत डेटा बराचसा सुरक्षित असतो. "एक्सपोर्ट टू एक्सेल" दाबलं की जबाबदारी आपली.

माझी फजिती सांगते. ऑर्डर आणि डिस्पॅच दोन्हींचे रकाने असलेला एक रिपोर्ट होता. मी तो बाहेर काढला, ऑर्डरच्या नगांची बेरीज मारली आणि तक्ता करून मीटिंगला गेले. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, एवढा माल आपण बनवला तरी कधी?" झालं होतं असं, की ज्या ऑर्डरचा माल दोन खेपांत गेला तिच्या रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या, आणि ऑर्डरचे १२० नग दोन्ही ओळींत छापले होते. बेरीज २४०. तीन खेपांची ऑर्डर असेल तर तिप्पट. रिपोर्टचं काही चुकलं नव्हतं. एका ओळीचा अर्थ काय, हे मी विचारलंच नव्हतं. एक ओळ म्हणजे एक ऑर्डर, की एक खेप, की खेपेतली एक वस्तू? कुठल्याही रिपोर्टला विचारायचा पहिला प्रश्न हाच.

त्या दिवसापासून एक्सपोर्ट केलेली फाइल तीन गोष्टी तपासल्याशिवाय मी वापरत नाही. ओळी किती आल्या आणि स्क्रीनवर किती दाखवल्या होत्या. एकूण बेरीज स्क्रीनवरच्या बेरजेशी जुळते का. आणि आपली ती ओळखीची ऑर्डर फाइलमध्ये आहे का, असल्यास तिचे आकडे बरोबर आहेत का. पाच मिनिटांचं काम आहे.

ओळी मोजण्याचं कारण नुसतं वहमी स्वभाव नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, आणि जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये फक्त ६५,५३६. खास बनवलेली कितीतरी सॉफ्टवेअरं अजून त्या जुन्याच प्रकारात फाइल काढतात. त्यापुढचा डेटा कधीकधी आवाज न करता गळतो. २०२० साली इंग्लंडमध्ये कोविडचे सुमारे १६,००० रुग्ण याच कारणाने काही दिवस आकडेवारीत आलेच नव्हते. तिथे असं होतं, तर आपण कोण?

एक्सेल स्वतःही फाइल उघडताना शहाणपणा करतं. ००४५७ हा वस्तूचा कोड ४५७ होतो. १६ आकडी नंबर असेल तर शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो, कारण एक्सेल १५च आकडे धरून ठेवतं. ५-३ असा रॅकचा नंबर तारीख होतो. उलट तारखेच्या रकान्यात कधी ४५२९२ असलं काही दिसलं तर घाबरू नका, ती १ जानेवारी २०२४ आहे. एक्सेल आतून तारखांना असेच क्रमांक देतं, त्या रकान्याचं फॉरमॅट तारखेचं केलं की झालं. पण ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे मात्र फॉरमॅट बदलून कळत नाही. त्यासाठी महिन्याची १३ तारीख किंवा पुढची एखादी एंट्री शोधून पाहा, तिथे गोंधळ होऊ शकत नाही.

यावर उपाय एकच. सीएसव्ही फाइलवर (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) डबल क्लिक करून ती उघडू नका. आधी रिकामं एक्सेल उघडा, डेटा टॅबमधून टेक्स्ट किंवा सीएसव्ही आणायचा पर्याय घ्या, कोडच्या रकान्यांना टेक्स्ट म्हणून सांगा आणि मग आत घ्या. मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र खुणा आल्या तर त्याच खिडकीत फाइल ओरिजिन म्हणून यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची एक पद्धत) निवडा, त्याच्यापुढे ६५००१ असा क्रमांक असतो. डेटा बिघडलेला नसतो, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जात असतो.

दोघांना दोन आकडे

एकाच नावाचा रिपोर्ट, एकच दिवस, तुमच्या स्क्रीनवर ९४० आणि शेजारच्या ताईंच्या स्क्रीनवर १,३१०. भांडायच्या आधी तीन गोष्टी पाहा. एक, अधिकार. तुमच्या लॉगिनला कदाचित एकाच गोदामाचा डेटा दिसतो, आणि सॉफ्टवेअर हे कुठेही सांगत नाही. दुसरी, लपलेले फिल्टर. बऱ्याच रिपोर्टमध्ये "रद्द वगळून" किंवा "फक्त मंजूर" हे आधीच निवडलेलं असतं आणि फिल्टरची पट्टी मिटलेली असते. ती उघडून बघायची सवय लावा. तिसरी, ताजेपणा. यादीचा स्क्रीन त्या क्षणाचा डेटा दाखवतो, डॅशबोर्ड मात्र पुष्कळदा रात्री एकदाच भरला जातो. सकाळी दहाला टाकलेली एंट्री डॅशबोर्डवर दिसत नाही म्हणून पुन्हा टाकणारे मी पाहिलेत.

एवढं करूनही अडलं तर मदत मागा, पण "सिस्टीम चालत नाही" असं टिकीट टाकू नका. स्क्रीनचं नाव, एंट्रीचा नंबर, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि वेळ दिसेल असा पूर्ण खिडकीचा स्क्रीनशॉट. एवढं दिलं की उत्तर त्याच दिवशी येतं. नुसता एररचा तुकडा कापून पाठवला तर समोरचा माणूस तीन प्रश्न विचारणार, प्रत्येकाला एक दिवस.

आकडे मांडताना

डॅशबोर्ड बनवण्याची सोय असली की पहिल्या आठवड्यात सगळेच दिवाळीसारखी रोषणाई करतात. मीही केली होती: काटा फिरणारे दोन मीटर, एक त्रिमितीय पाय चार्ट (गोलाचे काप करून दाखवतात तो), खाली फिरणारी पट्टी. साहेबांनी बघितलं, "छान आहे" म्हणाले आणि जुनाच तक्ता मागितला.

आता मी आधी प्रश्न लिहिते. "या महिन्यात किती ऑर्डर वेळेवर गेल्या?" हा प्रश्नच चार्टचं शीर्षक. काळानुसार बदल दाखवायचा तर रेषा. चार-पाच गोष्टींची तुलना करायची तर पट्ट्या, त्याही मोठ्यापासून लहानाकडे लावलेल्या आणि शून्यापासून सुरू होणाऱ्या. अक्ष ९० पासून सुरू केला तर ९२ आणि ९६ मध्ये तिप्पट फरक दिसतो. सॉफ्टवेअर आपणहून असं करून देतं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन अक्षाची सुरुवात हाताने शून्य करावी लागते. पाय चार्ट मी जवळजवळ सोडलाच. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अभियंत्याने तो १८०१ साली आणला, पण त्यांनीच त्याआधी १७८६ मध्ये छापलेल्या पट्ट्या डोळ्याला कितीतरी सोप्या वाचता येतात. लाल-हिरव्या रंगांवरही फार भिस्त ठेवू नका. मीटिंगमधल्या एखाद्याला ते दोन रंग वेगळे दिसतच नसतात आणि तो तसं सांगत नाही.

टक्केवारीची सरासरी मात्र कधीही काढू नका. एका विभागाने १०० पैकी ९० ऑर्डर वेळेवर पाठवल्या, म्हणजे ९० टक्के. दुसऱ्याने २ पैकी १, म्हणजे ५० टक्के. सरासरी काढली तर ७० टक्के येतात. खरं उत्तर १०२ पैकी ९१, म्हणजे ८९ टक्के. डॅशबोर्डच्या सेटिंगमध्ये "सरासरी" हा पर्याय ड्रॉपडाउनमध्ये इतका हाताशी असतो की बोट आपोआप तिथे जातं. आधी दोन्ही बेरजा घ्या, मग भागा. आणि टक्क्यांशेजारी मूळ संख्या लिहा, म्हणजे २ पैकी १ लपून राहत नाही.

प्रत्येक तक्त्याखाली मी बारीक अक्षरांत एक ओळ टाकते: कुठला रिपोर्ट, कुठले फिल्टर, कुठली तारीख धरली, आणि किती तारखेला किती वाजेपर्यंतचा डेटा. सुरुवातीला सगळे हसले. पुढच्या महिन्यात आकडा बदलला तेव्हा तीच ओळ दाखवून मी निवांत बसले.

ती वाकडी ऑर्डर अजून माझ्या वहीत आहे. व्हेंडरने अपडेट टाकलं की मी तिच्यासारखीच एक ऑर्डर टेस्टमध्ये भरते, दोन खेपा, ५ नग परत, आणि पुन्हा सगळे रिपोर्ट उघडून बघते. गेल्या महिन्यात विभागात एक नवी मुलगी आली, तिला वही दिली आणि हेच काम सांगितलं. संध्याकाळी ती वही घेऊन परत आली. "ताई, तुमचं हे पान चुकलंय," म्हणाली. डॅशबोर्डवर आता ८० आणि ३५ येत होतं. नियम बदलला होता आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं. तिने माझ्या ७५ आणि ४० वर लाल पेनाने काट मारली, शेजारी नवे आकडे लिहिले आणि त्याखाली त्या दिवसाची तारीख टाकली.